ट्रकचं वजन चुकीचं भरलं, आता काय? अमेरिकेतल्या 'फॉर्म २२९०'ची दुरुस्ती कशी होते, समजून घ्या

गेल्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा. रात्री साडेदहाला कॉलेजमधल्या मित्राचा मेसेज आला. तो पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका छोट्या ट्रक कंपनीचं बॅक ऑफिस सांभाळतो. गाड्यांना भाडं शोधणं, बिलं काढणं, परमिटची कागदपत्रं, कराचे फॉर्म, असं सगळं काम रात्रपाळीत चालतं. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात, तेव्हा शिकागोत दुपारचे बारा वाजलेले असतात.

मेसेज असा होता : 'एका गाडीचं वजन चुकीचं टाकलंय. नोंदणी ८० हजार पौंडांची आहे आणि करपावतीवर ६० हजारांचा वर्ग आलाय. गाडीचं रजिस्ट्रेशन अडकलंय. रिटर्न पहिल्यापासून परत भरू का?'

उत्तर आहे, नाही. पहिल्यापासून परत भरायचं नाही. दुरुस्तीची वाट वेगळी आहे. कोणती वाट धरायची हे दोन प्रश्नांवर ठरतं. वजन चुकलं आहे की खरोखर बदललं आहे? आणि फरक वरच्या बाजूला आहे की खालच्या? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट दिली की बाकीचं काम सरळ आहे.

अमेरिकी गाड्यांचं काम करणारे अनेक तरुण आज महाराष्ट्रातही आहेत. त्यांच्यासाठी, आणि ट्रकवर कर नेमका कसा बसतो याचं कुतूहल असणाऱ्या प्रत्येकासाठी, हा विषय सुरुवातीपासून पाहू.

हा कर नेमका काय आहे?

अमेरिकेत सार्वजनिक महामार्गावर धावणाऱ्या अवजड वाहनांवर केंद्र सरकार दरवर्षी एक कर लावतं. तो 'फॉर्म २२९०' भरून आयआरएस या केंद्रीय कर खात्याकडे जमा करायचा असतो. वाहनाचं करपात्र वजन ५५ हजार पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तरच हा कर लागतो. ५५ हजार पौंड म्हणजे साधारण २५ टन.

कराचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं असतं. जुलैमध्ये रस्त्यावर असलेल्या गाडीचा फॉर्म ३१ ऑगस्टपर्यंत भरावा लागतो. नवी गाडी मध्येच रस्त्यावर आली, तर ती ज्या महिन्यात पहिल्यांदा धावली त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत मुदत मिळते. एकाच फॉर्मवर २५ किंवा जास्त गाड्या असतील, तर ऑनलाइन भरणं सक्तीचं आहे.

दर सोपा आहे. ५५ हजार पौंडांना १०० डॉलर. त्यापुढच्या प्रत्येक हजार पौंडांना २२ डॉलर. ७५ हजारांच्या पुढे कितीही वजन असलं, तरी ५५० डॉलर. त्याहून जास्त नाही.

फॉर्मवर वजनाचा आकडा लिहायचा नसतो, वर्गाचं अक्षर निवडायचं असतं. बरोबर ५५ हजार पौंडांना 'ए', पुढच्या हजाराला 'बी', असं करत ७५ हजारांच्या वरच्या गाड्यांना 'व्ही'. म्हणजे गाडीचा सगळा हिशेब एका अक्षरावर उभा असतो. ते अक्षर चुकलं की कर चुकला.

फॉर्म स्वीकारला गेला की 'शेड्यूल १' नावाचा कागद आयआरएसच्या शिक्क्यासह परत मिळतो. करभरणाची ही पावती. राज्यात गाडीची नोंदणी करताना किंवा नूतनीकरण करताना ती दाखवावी लागते. माझ्या मित्राचं काम इथेच अडकलं होतं. कागदावरचं अक्षर आणि नोंदणीचं वजन जुळत नव्हतं.

वजन म्हणजे नेमकं कोणतं वजन?

बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. करपात्र वजन हे तीन आकड्यांची बेरीज असतं.

पहिला आकडा : सर्व साहित्यासह तयार असलेल्या रिकाम्या गाडीचं वजन. सेमी ट्रकच्या बाबतीत पुढचा घोडा, म्हणजे ट्रॅक्टर.

दुसरा आकडा : त्या गाडीला एरवी जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरचं रिकामं वजन.

तिसरा आकडा : गाडी आणि ट्रेलर मिळून एरवी वाहून नेतात तो जास्तीत जास्त माल.

समजा घोडा १८ हजार पौंडांचा, ट्रेलर १५ हजारांचा आणि माल ४५ हजारांचा. बेरीज ७८ हजार पौंड. वर्ग 'व्ही', कर ५५० डॉलर. एखाद्या फेरीला गाडी अर्धी रिकामी गेली, म्हणून हा आकडा खाली येत नाही. 'एरवी जास्तीत जास्त किती' हा प्रश्न आहे, 'आज किती' हा नाही.

यावर आणखी एक अट आहे. राज्यात नोंदणी करताना ठरावीक एकूण वजन जाहीर केलं असेल, तर करपात्र वजन त्यापेक्षा कमी दाखवता येत नाही. एकापेक्षा जास्त राज्यांत वेगवेगळी वजनं जाहीर केली असतील, तर त्यातलं सर्वांत मोठं धरायचं. एखाद्या फेरीपुरत्या काढलेल्या विशेष तात्पुरत्या परमिटचं वजन मात्र यात मोजत नाहीत.

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर साधारणपणे ८० हजार पौंडांची, म्हणजे सुमारे ३६ टनांची मर्यादा आहे. त्यामुळे लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या ८० हजारांवर नोंदवलेल्या असतात आणि थेट 'व्ही' वर्गात बसतात.

चुका कुठे होतात?

पहिली चूक दारावरच्या स्टिकरची. ड्रायव्हरच्या दाराजवळ गाडीच्या क्षमतेचा आकडा लिहिलेला असतो. तो एकट्या घोड्याचा असतो, ट्रेलर धरून नाही. तोच आकडा करपात्र वजन म्हणून उचलला, की गाडी चार-पाच वर्ग खाली जाते किंवा करातूनच सुटल्यासारखी दिसते.

दुसरी चूक यादीतल्या शेजाऱ्याची. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'व्ही'च्या खालीच 'डब्ल्यू' असतो. 'व्ही' म्हणजे ५५० डॉलर. 'डब्ल्यू' म्हणजे वर्षभरात सार्वजनिक रस्त्यांवर ५ हजार मैल किंवा त्याहून कमी धावणार असलेली गाडी, जिचा कर तूर्त स्थगित असतो. शेतीच्या गाड्यांना ही मर्यादा ७,५०० मैल आहे. रात्री दोन वाजता, चाळिसावी गाडी भरताना बोट एक ओळ खाली घसरलं, की ५५० डॉलरचा शून्य होतो.

तिसरी चूक जुन्या फॉर्मची. गेल्या वर्षीची यादी जशीच्या तशी उचलायची आणि मधल्या काळात मालकाने ट्रेलर बदलला, राज्यात वजन वाढवून घेतलं, हे तपासायचंच नाही.

चौथी चूक किलो आणि पौंडांची. आपल्या डोक्यात टन आणि किलो पक्के बसलेले असतात. ३६ हजार किलो म्हणजे जवळपास ८० हजार पौंड. एकक न पाहता ३६ हजार हा आकडा उचलला, तर गाडी ५५ हजारांच्या खाली दिसते आणि 'हिला कर नाही' असा निष्कर्ष निघतो.

वजन कमी दाखवलं गेलं असेल, तर काय करायचं?

माझ्या मित्राची गाडी अशीच होती. ६० हजार पौंडांचा 'एफ' वर्ग निवडला गेला होता आणि २१० डॉलर भरले होते. खरा वर्ग 'व्ही', कर ५५० डॉलर. फरक ३४० डॉलर.

यासाठी त्याच फॉर्म २२९० वर 'सुधारित रिटर्न'चा चौकोन टिकमार्क करून नव्या वर्गासह रिटर्न द्यायचं असतं. त्यात संपूर्ण ५५० डॉलर पुन्हा भरायचे नाहीत. नव्या वर्गाच्या करातून आधी भरलेल्या वर्गाचा कर वजा करायचा आणि फक्त फरक भरायचा. ते स्वीकारलं गेलं की योग्य अक्षर असलेलं नवं 'शेड्यूल १' मिळतं.

नवं, पहिलं रिटर्न म्हणून तीच गाडी पुन्हा भरण्यात दोन धोके आहेत. ऑनलाइन यंत्रणेत त्याच वर्षासाठी तोच चासी नंबर आधीच असल्याने फॉर्म दुहेरी म्हणून परत येऊ शकतो. आणि कागदावरून तो पुढे सरकलाच, तर एका गाडीचा कर दोनदा भरला जातो. मग परताव्याची वेगळी धावपळ.

वर्षाच्या मध्येच वजन वाढलं तर?

ही चूक नाही, हा बदल आहे. जुलैमध्ये भरलेला वर्ग तेव्हा बरोबरच होता. नंतर मोठा ट्रेलर आला किंवा मालाचं स्वरूप बदललं. इथेही 'सुधारित रिटर्न'च लागतं, पण वजन कोणत्या महिन्यात वाढलं ते त्यावर लिहावं लागतं आणि कर त्या महिन्यापासूनचाच मोजतात.

उदाहरण घेऊ. जुलैमध्ये गाडी ७० हजार पौंडांची, वर्ग 'पी', कर ४३० डॉलर भरलेला. ऑक्टोबरमध्ये वजन ७५ हजारांच्या वर गेलं. ऑक्टोबर ते जून हे नऊ महिने उरले. 'व्ही' वर्गाचा नऊ महिन्यांचा कर ४१२.५० डॉलर. 'पी' वर्गाचा नऊ महिन्यांचा ३२२.५० डॉलर. फरक ९० डॉलर. तेवढेच भरायचे.

मुदत असते वजन वाढलेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. म्हणजे या उदाहरणात ३० नोव्हेंबर.

वजन वाढूनही गाडी त्याच वर्गात राहत असेल, तर काही भरावं लागत नाही. आधीच 'व्ही'मध्ये असलेल्या गाडीचं वजन आणखी वाढलं, तरी या करात फरक पडत नाही.

वजन जास्त दाखवलं गेलं असेल तर?

इथे वाट बदलते. ६० हजार पौंडांच्या गाडीला चुकून 'व्ही' लावला आणि ३४० डॉलर जास्त गेले, तर 'सुधारित रिटर्न' भरून ते परत येत नाहीत. त्यासाठी फॉर्म ८८४९ आणि त्याचं शेड्यूल ६ भरून परतावा मागायचा असतो. दुसरा पर्याय म्हणजे पुढच्या फॉर्म २२९० मध्ये ती रक्कम जमा म्हणून दाखवायची. चुकीमुळे जास्त कर भरला गेला, हे कारण दोन्ही ठिकाणी मान्य आहे.

परतावा मागण्याची सर्वसाधारण मुदत रिटर्न भरल्यापासून ३ वर्षं किंवा कर भरल्यापासून २ वर्षं, यांपैकी जी नंतर संपेल ती.

अर्ज करण्याआधी राज्यातल्या नोंदणीचं वजन पाहून घ्या. नोंदणी ८० हजारांची असेल, तर 'आम्ही एवढा माल नेतच नाही' हे कारण चालत नाही. तिथे 'व्ही' ही चूक नसतेच.

आणि वजन खरोखर कमी झालं तर?

वर्षाच्या मध्येच मालकाने हलका ट्रेलर घेतला किंवा कमी माल न्यायला सुरुवात केली, तर? जमा किंवा परतावा मिळण्याची कारणं ठरलेली आहेत. गाडी विकली गेली, नष्ट झाली, चोरीला गेली, मैलांची मर्यादा ओलांडली नाही किंवा कर भरताना चूक झाली. 'आता कमी माल नेतो' हे त्या यादीत नाही. नवा, खालचा वर्ग पुढच्या जुलैपासूनच्या रिटर्नमध्ये दाखवायचा.

म्हणून 'चुकलं' आणि 'बदललं' यातला फरक महत्त्वाचा. जुलैमध्येच गाडी ६० हजारांची होती आणि आपण अक्षर चुकवलं, तर ती चूक आहे. जुलैमध्ये ८० हजारांची होती आणि जानेवारीत ६० हजारांची झाली, तर तो बदल आहे. पहिल्यात पैसे परत मागता येतात, दुसऱ्यात नाही.

चासी नंबर चुकला असेल तर?

अनेक जण वजन आणि चासी नंबर या दोन दुरुस्त्या एकच समजतात. त्या वेगळ्या आहेत. चासी नंबरच्या दुरुस्तीसाठी फॉर्मवर स्वतंत्र चौकोन आहे. ती केल्याने जादा कर लागत नाही. १७ अक्षरी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. त्यामुळे शून्याच्या जागी ओ किंवा एकच्या जागी आय दिसला, की तिथेच थांबायचं. वजनाची चूक या चौकोनातून दुरुस्त होत नाही.

उशीर झाला तर? आणि जबाबदारी कोणाची?

रिटर्न उशिरा देण्याचा दंड वेगळा, कर उशिरा भरण्याचा वेगळा आणि त्यावर व्याज. वाजवी कारण दाखवता आलं तर दंड माफ होऊ शकतो. त्यासाठी उशिराच्या रिटर्नसोबत कारण लिहून जोडायचं असतं. त्यामुळे चूक लक्षात आल्यावर गप्प बसण्यापेक्षा लगेच दुरुस्ती देणं शहाणपणाचं. गोंधळ असेल, तर आयआरएसची फॉर्म २२९० साठी वेगळी हेल्पलाइन आहे.

जबाबदारीचा मुद्दा बॅक ऑफिसमध्ये काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. फॉर्मवर सही करणारा माणूस माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञेवर सांगत असतो. खोटं ठरलं तर कायदेशीर परिणाम आहेत. म्हणून चूक आपल्या हातून झाली, तरी मालकाला न कळवता परस्पर दुरुस्ती करायची नाही. काय चुकलं, किती फरक, कोणता फॉर्म, हे मेलवर लिहून मंजुरी घ्यायची. कागदपत्रं किमान ३ वर्षं जपायची असतात.

वजनावर एवढा भर का?

या करातून येणारा पैसा महामार्गांसाठीच्या 'हायवे ट्रस्ट फंड'मध्ये जातो. हा निधी १९५६ साली, आंतरराज्य महामार्गांचं जाळं उभारण्याच्या निर्णयासोबत सुरू झाला. ज्याने रस्ता जास्त झिजवला, त्याने जास्त द्यावं, हा त्यामागचा विचार.

रस्ता किती झिजतो, याचा मोठा प्रयोग अमेरिकेनेच केला. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ खास रस्ते बांधून त्यावर वेगवेगळ्या भाराचे ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. एक्सलवरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होतं.

कर मात्र सरळ रेषेत, हजार पौंडांमागे २२ डॉलरने वाढतो आणि ७५ हजारांच्या पुढे थांबतो. त्यामुळे हा कर झिजेचा पुरता हिशेब चुकता करत नाही. निदान वर्गाचं अक्षर तरी खरं असावं, एवढीच त्याची अपेक्षा.

आपल्याकडे काय वेगळं आहे?

महाराष्ट्रात कोणी ट्रकवाल्याला विचारा, तो 'गाडी किती टन पासिंग' हे लगेच सांगेल. हे पासिंगचं वजन मालक ठरवत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार एकूण वजन म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याने त्या वाहनासाठी प्रमाणित करून नोंदवलेलं वजन. म्हणजे आरसीवर आरटीओने लिहिलेला आकडा. अमेरिकेच्या या फॉर्ममध्ये वर्ग मालक स्वतः जाहीर करतो, म्हणून दुरुस्तीही तोच देतो. आपल्याकडे आकडा आरटीओच्या दप्तरात आहे, म्हणून चूक असेल तर आरटीओतच जावं लागतं.

चुकीची किंमतही वेगळी आहे. आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त माल सापडला, तर कायद्याच्या कलम १९४ नुसार २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. लायसन्सचा प्रश्नही वजनाशी बांधलेला आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आरसीवर एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर लायसन्स आणि विम्याच्या दाव्यावरही प्रश्न उभा राहू शकतो.

त्यामुळे नवी गाडी घेतली की शोरूमच्या विक्री प्रमाणपत्रावरचं, म्हणजे फॉर्म २१ वरचं रिकामं वजन आणि एकूण वजन आरसीशी पहिल्याच दिवशी ताडून पाहा.

मित्राचं पुढे काय झालं?

त्याने रात्रीच मालकाला मेल लिहिला. गाडीचा नंबर, भरलेला वर्ग, खरा वर्ग, ३४० डॉलरचा फरक आणि 'सुधारित रिटर्न' देण्याची परवानगी. मंजुरी आली, फॉर्म गेला, ३१ ऑगस्टच्या आधी नवं 'शेड्यूल १' हातात आलं आणि गाडीचं रजिस्ट्रेशन मोकळं झालं.

आता तो प्रत्येक गाडीच्या ओळीसमोर तीन रकाने ठेवतो : घोडा, ट्रेलर, माल. चौथ्यात राज्यातल्या नोंदणीचं वजन. बेरीज आणि नोंदणी यातला मोठा आकडा धरायचा, मगच अक्षर निवडायचं. एका गाडीला दोन मिनिटं जास्त लागतात, असं तो म्हणतो.